कोयत्याला पाणी देतात म्हणजे काय?

दिवाळी झाली की आमच्या भागात उसाचा हंगाम सुरू होतो. मुरगूडच्या आसपास, वेदगंगेच्या दोन्ही काठांनी ऊसच ऊस आहे. बीडकडच्या टोळ्या येतात, माळावर पालं पडतात, आणि नोव्हेंबर ते मार्च या चार-पाच महिन्यांत आमच्या शाळांतल्या वर्गांत काही नवी मुले येऊन बसतात. अशाच एका वर्षी सातवीच्या वर्गात आम्ही धातू आणि मिश्रधातू हा पाठ शिकवत होतो. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते, तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, वगैरे. टोळीबरोबर आलेला एक मुलगा मागच्या ओळीतून म्हणाला, "सर, लोहार कोयत्याला पाणी देतेत. मग त्यात काय मिसळतं?"

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण उत्तर देता येईना. पाण्यात बुडवल्याने लोखंड कडक होते हे आम्हाला माहीत होते. का होते, हे माहीत नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मग पुस्तके शोधली, लोहाराच्या साळेत जाऊन बसलो, आणि हळूहळू लक्षात आले की या मुलाने विचारलेला प्रश्न युरोपातल्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांनाही पडला होता. त्यांतल्या काहींनी त्याचे उत्तर चुकीचेही दिले होते. तीच हकिकत इथे सांगत आहोत.

डोंगरातले लोखंड

आधी हे लोखंड आले कुठून ते पाहू. मुरगूडहून पश्चिमेला भुदरगडाकडे जाऊ लागलो की जमिनीचा रंग बदलतो. काळी माती मागे पडते आणि तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड दिसू लागतो. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. काही ठिकाणी त्यात लोहाचे प्रमाण इतके असते की तो दगड भट्टीत घालून लोखंड काढता येते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरवरचा खंड १८८६ साली निघाला. विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या भागांत लोहखनिज सापडते आणि पूर्वी ते गाळण्याचा धंदा चालत असे, अशी नोंद त्यात आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात हे काम करणाऱ्या लोकांना धावड म्हणत. महाबळेश्वरच्या बाजूलाही त्यांची वस्ती होती.

धावडांची भट्टी छोटी, मातीची. तिच्यात लोणारी कोळसा आणि खनिजाचे तुकडे थराथराने भरायचे आणि कातडी भात्यांनी वारा घालायचा. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मागे राहते. शुद्ध लोखंड वितळायला सुमारे १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. एवढी उष्णता या भट्टीत होत नसे. त्यामुळे लोखंड वितळत नसे. मळी वितळून वाहून जाई आणि स्पंजासारखा लोखंडाचा गोळा तळाशी उरे. तो तापवून ठोकायचा, म्हणजे उरलेली मळी बाहेर पडते. अशा लोखंडात कार्बन फार कमी असतो. ते चांगले वाकते आणि चांगले जोडते. नाल, कड्या, खिळे यांसाठी ते उत्तम. पण त्याच्यावर धार टिकत नाही.

पुढे जंगलांवर सरकारी बंधने आली, कोळसा महागला. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि इंग्रजी लोखंडाच्या पट्ट्या गावोगावच्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. धावडांच्या भट्ट्या विझल्या. लोहार मात्र राहिला, कारण लोखंड कुठूनही आले तरी त्याचा विळा, खुरपे, कुऱ्हाड आणि कोयता करणारा माणूस गावातच लागतो.

उक्कूची लंडनवारी

धार टिकायची तर पोलाद हवे. जुन्या मराठीत त्याला 'तिखे' असाही शब्द होता. पोलाद हा शब्द फारसीतून आला. आमच्या गावापासून काही कोसांवर निपाणी आहे, आणि तिथून पुढे कानडी मुलूख. कानडीत पोलादाला 'उक्कू' म्हणतात. याच शब्दाचा इंग्रजांनी 'वूट्झ' असा अपभ्रंश केला असे मानले जाते, आणि त्या नावाने दख्खनचे पोलाद जगभर प्रसिद्ध झाले.

ते करण्याची रीत वेगळी होती. लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि हिरवी पाने मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपून टाकायचे आणि मूस बराच वेळ भट्टीत ठेवायची. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात शिरतो. कार्बन शिरला की लोखंडाचा वितळणबिंदू खाली येतो, म्हणून मुशीतला माल वितळतो आणि सावकाश थंड होऊन त्याची वडी बनते. या वड्यांमध्ये साधारण दीड टक्का कार्बन असे. आजच्या तेलंगणातल्या निजामाबादजवळचे कोनसमुद्रम हे गाव या कामासाठी नावाजलेले होते. हेन्री व्हॉयझी नावाच्या संशोधकाने तिथे पाहिलेल्या पद्धतीचे वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले आहे. याच वड्या इराणकडे जात आणि त्यांपासून लाटांसारखी नक्षी दिसणाऱ्या 'दमास्कस' तलवारी बनत.

१७९४ साली मुंबईतले एक स्कॉटिश डॉक्टर, हेलेनस स्कॉट, यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. बँक्स हे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी एक तुकडा जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराला दिला. स्टोडार्टने त्याचा चाकू केला आणि तो फारच सरस निघाला. दुसरीकडे जॉर्ज पिअर्सन यांनी याच पोलादाचे रासायनिक पृथक्करण केले आणि १७९५ साली त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद 'मुंबईत तयार होणारे' असे म्हटले आहे. खरे तर मुंबई हे फक्त बंदर. माल दख्खनचा होता. पण ज्याने पाठवला त्याच्या गावाचे नाव त्याला लागले!

त्या काळी पोलाद म्हणजे काय, यावर मोठा वाद होता. स्वीडनचे बर्गमन यांनी १७८१ साली दाखवले होते की ओतीव लोखंड, पोलाद आणि घडीव लोखंड यांतला फरक कार्बनसारख्या एका पदार्थाच्या कमी-जास्त प्रमाणामुळे पडतो. १७८६ साली फ्रान्समध्ये व्हँडरमाँद, बर्थोले आणि माँझ यांनी तो पदार्थ कार्बनच असल्याचे ठामपणे मांडले. तरीही दख्खनच्या पोलादात आणखी काहीतरी 'गुप्त' मिसळलेले असले पाहिजे, असे पुष्कळांना वाटत राहिले.

त्यांत एक नाव वाचून आम्हाला आश्चर्य वाटले. ते म्हणजे मायकेल फॅरडे. विजेचे नियम शोधणारा फॅरडे आपण शिकवतो, पण त्याचे वडील लोहार होते हे सहसा सांगत नाही. १८१९ च्या सुमारास तरुण फॅरडेने या पोलादाचे पृथक्करण केले. त्याला त्यात ॲल्युमिनाचे आणि सिलिकाचे अंश सापडले, आणि पोलादाचे गुण त्यामुळेच आले असावेत असा निष्कर्ष त्याने काढला. मग स्टोडार्टबरोबर त्याने पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, क्रोमियम असे धातू मिसळून पाहिले. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ साली प्रसिद्ध झाले. निष्कर्ष चुकला होता, पण त्या चुकीतून मिश्रपोलादांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

आमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न आणि फॅरडेचा प्रश्न एकच होता : पोलादाचा गुण बदलला, तर त्यात काय मिसळले?

मिसळत काहीच नाही

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर रसायनशास्त्राच्या परीक्षानळीत मिळणार नव्हते, कारण पाणी देताना पोलादात काहीही मिसळत नाही. बदलते ती आतली रचना. ती बघायला सूक्ष्मदर्शक लागला. १८६३-६४ मध्ये शेफिल्डच्या हेन्री सॉर्बी यांनी पोलादाचा पृष्ठभाग आरशासारखा घासून, त्यावर आम्ल लावून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पोलाद दगडासारखे कणाकणांचे असते, आणि त्या कणांत निरनिराळ्या थरांची मांडणी असते, हे त्यांना दिसले. पुढे जर्मनीच्या ॲडॉल्फ मार्टेन्स यांनी याच पद्धतीने खूप काम केले. पाणी दिलेल्या पोलादात जी सुयांच्या जुडग्यासारखी रचना दिसते तिला १८९५ साली फ्रान्सच्या ऑसमाँ यांनी मार्टेन्स यांच्या सन्मानार्थ 'मार्टेन्साइट' हे नाव दिले. अणूंची नेमकी मांडणी कळायला १९२० च्या दशकातली क्ष-किरणांची तंत्रे यावी लागली.

आता ते साध्या शब्दांत पाहू. लोखंडाचे अणू थंड असताना एका प्रकारे रचलेले असतात. त्या रचनेत कार्बनच्या अणूंना जवळजवळ जागाच नसते. पोलाद सुमारे ७२७ अंशांच्या वर तापवले की लोखंडाचे अणू आपली रचना बदलू लागतात. नव्या रचनेत कार्बनला बसायला जागा असते आणि तो सगळीकडे पसरतो. आता हे पोलाद सावकाश थंड केले तर जुनी रचना परत येते आणि कार्बन निवांतपणे बाहेर पडून वेगळ्या थरांत जमा होतो. असे पोलाद मऊ असते. पण तेच पोलाद एकदम पाण्यात बुडवले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. लोखंडाचे अणू जुन्या रचनेकडे जाऊ पाहतात, कार्बन मध्येच अडकलेला असतो, आणि सगळी रचना ताणली जाते. या ताणलेल्या रचनेत अणूंच्या ओळी एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, म्हणून पोलाद कडक होते. पण जे सरकत नाही, वाकत नाही, ते जोराचा फटका बसला की तुटते. पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते ते यामुळे.

म्हणून लोहाराचे काम पाणी दिल्यावर संपत नाही. तो पोलाद पुन्हा थोडे तापवतो. दोन-तीनशे अंशांवर अडकलेल्या कार्बनपैकी थोडा सुटतो, ताण थोडा उतरतो. कडकपणा जरासा कमी होतो, चिवटपणा वाढतो. वस्तऱ्याला कडकपणा जास्त हवा, कोयत्याला चिवटपणा. ते गणित पुन्हा किती तापवायचे यावर ठरते.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी शिवणाच्या चार सुया, स्पिरिटचा दिवा, पकड आणि पाण्याची वाटी एवढेच लागते. मुलांना लांब उभे करा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि सुई बोटांनी न वाकवता फडक्यात धरून पकडीने वाकवा. तुटलेले टोक उडू शकते.

पहिली सुई तशीच वाकवून पाहा. ती थोडी वाकते आणि सोडली की सरळ होते. दुसरी सुई लालभडक होईपर्यंत तापवा आणि ज्योतीपासून अगदी सावकाश वर उचलत थंड होऊ द्या. ती तारेसारखी वाकते आणि वाकलेलीच राहते. तिसरी सुई लालभडक करून चटकन पाण्यात टाका. वाकवायला गेलात की कट्‌कन तुटते. चौथी सुईही तशीच पाण्यात टाका, पण मग पॉलिश कागदाने घासून चकचकीत करा आणि ज्योतीच्या वरच्या बाजूला हळूहळू तापवा. तिच्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढताना दिसेल. निळी झाली की बाजूला घ्या. आता ती पुन्हा स्प्रिंगसारखी वागते.

हे रंग कशाचे? तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतो तसाच. थर जितका जाड तितका रंग वेगळा, आणि थराची जाडी तापमानावर अवलंबून. गवती पिवळा साधारण २२०-२३० अंशांना, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या जवळ. म्हणजे ज्याच्याकडे तापमापक नाही त्याच्यासाठी पोलाद स्वतःच तापमापक होते.

लोहाराच्या साळेत

हे सगळे वाचून आम्ही एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो. हंगामाच्या तोंडाला त्याच्या साळेपुढे कोयत्यांची रास पडलेली असते. कोणाचा कोयता नवा करायचा असतो, कोणाचा शेवटून घ्यायचा असतो, म्हणजे झिजलेली धार तापवून, ठोकून, पातळ करून नव्याने पाणी द्यायचे. पूर्वी हे सगळे बलुत्यावर, सुगीतल्या धान्यावर चाले. आता रोख चालते. बाजाराच्या गावी घिसाडीही गाडी सोडून भाता लावतात आणि त्यांच्या बायका घण मारतात.

नवा कोयता ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून होतो. आम्हाला ही काटकसर वाटली होती. खरे तर ती निवड आहे. कमानीच्या पाट्याला दिवसभर हजारो धक्के खाऊन न तुटता परत सरळ व्हायचे असते, म्हणून त्यात अर्धा ते पाऊण टक्का कार्बन आणि मँगनीज, सिलिकॉन किंवा क्रोमियम असलेले चिवट पोलाद वापरतात. कोयत्याला नेमके हेच हवे. दमास्कसच्या दीड टक्क्याच्या पोलादाचा कोयता उसात दगडावर बसला तर कपचा उडेल.

पाटा तापवून, ठोकून आकार आला की लोहार कोयता पुन्हा भट्टीत धरतो आणि रंग पाहतो. उन्हात रंग कळत नाही, म्हणून साळ नेहमी अंधारी. आम्ही सोबत एक चुंबक नेला होता. साधारण ७७० अंशांच्या पुढे लोखंड चुंबकाला चिकटत नाही, आणि पाणी देण्याचे तापमान त्याच्या थोडेच पुढे असते. "आता," असे लोहार म्हणाला तेव्हा आम्ही चुंबक क्षणभर टेकवून पाहिला. तो चिकटला नाही. पाच कोयत्यांवर पाहिले, पाचही वेळा तेच.

मग त्याने फक्त धारेची बाजू पाण्यात धरली, पाठ बाहेर ठेवली. धार कडक झाली, पाठ मऊ राहिली. कोयता वर काढून धारेवर विटेचा तुकडा घासला आणि पाठीतली उष्णता धारेकडे सरकताना रंग पाहू लागला. पिवळा, तपकिरी... "गुरुजी, ह्यो जांभळा दिसतोय न्हवं? हितंच थांबायचं. निळा झाला की म्हातारा झाला," असे म्हणत त्याने कोयता पुन्हा पाण्यात बुडवला. जपानी तलवारीतही पाठ चिवट आणि धार कडक ठेवतात. तिथे पाठीला माती लिंपून हे साधतात, इथे पाठ पाण्याबाहेर धरून.

त्याच सुमारास आमचा एक माजी विद्यार्थी आला. तो आता शहरात असतो, गडांवर भटकतो. त्याच्याकडे एक मोठा परदेशी सुरा होता, ज्याला 'सर्व्हायव्हल नाइफ' म्हणतात. मूळचा हा प्रकार जंगलात किंवा वाळवंटात विमान पडले तर वैमानिकाला जगता यावे म्हणून सैन्याने बनवून घेतलेला. १९८२ सालच्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटानंतर तो सामान्य लोकांत लोकप्रिय झाला. त्या चित्रपटातल्या सुऱ्याची मूठ पोकळ होती, आत काड्यापेटी, सुई-दोरा ठेवायला. लोहाराने सुरा हातात घेतला, तोलून पाहिला आणि पात्याऐवजी मुठीकडे बोट करून विचारले, "ह्यात पोलाद किती आत गेलंय?"

प्रश्न मुद्द्याचा होता. फटक्याचा सगळा ताण पाते मुठीत शिरते त्या जागी येतो. पोकळ मुठीच्या सुऱ्यात पाते तिथेच संपते, म्हणून तो तोडायला कमकुवत. आमच्या विद्यार्थ्याच्या सुऱ्याचे पाते मुठीच्या टोकापर्यंत सलग होते, म्हणून लोहाराने मान डोलावली. दुसरा प्रश्न होता गंजाचा. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की त्याच्या ऑक्साइडचा न दिसणारा थर पाते झाकून ठेवतो. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद ओतले. पण लांब पात्याने तोडायचे असेल तर साधे कार्बन पोलाद बहुधा जास्त चिवट ठरते. म्हणूनच नेपाळची खुकरी, दक्षिण अमेरिकेतला मशेटी आणि आमचा कोयता आजही बहुतेक साध्या पोलादाचेच असतात.

धार आणि निगा

धारेचे गणित मुलांना सहज सांगता येते. समजा, कोयत्याची २ सेंटिमीटर लांबीची धार उसाला लागली आहे आणि जोर १०० न्यूटनचा आहे. धारेची जाडी ०.०५ मिलिमीटर असेल तर जोर १ चौरस मिलिमीटरवर पडतो. धार बोथट होऊन जाडी अर्धा मिलिमीटर झाली तर तोच जोर १० चौरस मिलिमीटरवर वाटला जातो. दाब दहापट कमी. तोडणाऱ्याला तेवढा जास्त जोर लावावा लागतो, आणि जोराने मारलेला बोथट कोयता निसटून पायावर येतो. बोथट हत्यार जास्त धोक्याचे, ते असे.

शिवाय ऊस जमिनीलगत, एका घावात तुटावा लागतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. बुडखा चिरफळला तर तो कुजतो आणि खोडवा नीट फुटत नाही. म्हणजे धारेवर या वर्षीची साखर आणि पुढच्या वर्षीचे पीक, दोन्ही अवलंबून.

निगा राखण्याचे नियम मोजकेच आहेत, पण प्रत्येकामागे कारण आहे. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून संध्याकाळी कोयता धुऊन, कोरडा पुसून तेलाचा हात फिरवायचा. पाजवताना दगड ओला ठेवायचा. विजेच्या चाकावर घाईने धार लावली आणि ठिणग्यांबरोबर धार निळी पडली तर लोहाराने दिलेले पाणी उतरले असे समजायचे. ती धार मग दोन दिवसही टिकत नाही. मूठ हलू लागली तर काम थांबवायचे. चालताना धार झाकलेली असावी. कोकणात कोयती कमरेच्या आकडीत अडकवतात; हात मोकळे राहतात आणि धार अंगापासून दूर.

कायद्याचेही सांगायला हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे उसातला कोयता अवजार आहे आणि भटकंतीचा मोठा सुरा कदाचित शस्त्र ठरेल. २०२२-२३ पासून पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द वारंवार येऊ लागला. आमच्या मुलांनी तो शब्द आधी तिथेच ऐकला याचे आम्हाला वाईट वाटते.

अर्धा कोयता

ऊसतोडीत कोयता हे माणसे मोजण्याचे मापही आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि वाहते. मुकादमाची उचल एका कोयत्याला अमुक, अशी ठरते. एकटे माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. तेरा-चौदा वर्षांचे पोर कामाला लागले की तेही अर्धा कोयता म्हणून धरले जाते. जगण्यासाठीचे हत्यार म्हणजे काय, हे आम्हाला त्या परदेशी सुऱ्यापेक्षा या मोजमापाने जास्त कळले.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला आम्ही उत्तर दिले : मिसळत काहीच नाही, आतली मांडणी बदलते. सुयांचा प्रयोग त्यानेच करून दाखवला. बाकीच्या मुलांनी चौथी सुई दोनदा जास्त तापवून घालवली. त्याने मात्र जांभळ्याच्या पुढे, निळ्याच्या सुरुवातीला अचूक थांबवली. पालावर बापाजवळ बसून त्याने रंग पाहिले होते. फॅरडेनेही असेच पाहिले असणार.

मार्चमध्ये टोळी परत गेली. पुढच्या हंगामात टोळी आली तेव्हा आम्ही पालावर जाऊन चौकशी केली. तो आला होता, पण शाळेत येणार नव्हता. थोरल्या भावाबरोबर तो अर्धा कोयता झाला होता. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावाकडेच राहून शिकता यावे म्हणून राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. पण योजना असणे आणि मुलाचे नाव त्यात लागणे यांच्यामध्ये कोणीतरी माणूस लागतो, आणि बऱ्याचदा तो माणूस शिक्षकच असतो. त्या वेळी आम्ही कमी पडलो. तेव्हापासून हंगाम सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात आम्ही पालावर जातो, मुलांची नावे आणि त्यांच्या गावाकडच्या शाळांची नावे वहीत लिहून घेतो आणि मार्च येण्याआधी तिकडच्या शिक्षकांशी बोलतो.

तुमच्या गावात लोहाराची साळ असेल तर मुलांना एकदा घेऊन जा. सोबत एक चुंबक न्या. आणि परत आल्यावर वर्गात विचारा, पाणी दिल्यावर त्यात काय मिसळते? उत्तर घाईने सांगू नका. एखादा मागच्या ओळीतला मुलगा ते आधीच ओळखून बसलेला असेल.